दरी नसलेला पूल

पूल पूर्ण झाला, तेव्हा त्याच्याखाली दरी नाही, ही गोष्ट निवृत्त पूलतपासनिसांच्या ध्यानात आली.

परसात रुळांचे वेटोळे आधीच पडले होते. मांजराएवढे किल्लीचे इंजिन त्यावरून डबे ओढत निमूटपणे फिरत असे. तपासनिसांना निमूटपणा नको होता. जन्मभर ते दुसऱ्यांच्या पुलांखाली मान वर करून उभे राहिले होते. माथ्यावरून गाडी जाताना होणारी ती खोल, पोकळ धडधड ऐकून त्यांनी दोष काढले होते. एक पूल आपला असावा आणि त्याची धडधड आपल्याच परसात डोळे मिटून ऐकावी, एवढे एकच स्वप्न उरले होते. त्यासाठी पुरुषभर लांबीचा सागवानी पूल त्यांनी खुंटी-खुंटीने सांधला. तव्यासारख्या सपाट जमिनीवर तो ठेवल्याबरोबर शेजारचे वकील भिंतीवरून डोकावले.

"बाक झकास झालाय हो!"

"पूल आहे तो."

"असं? कशावरचा?"

प्रश्न न्याय्य होता. तपासनिसांनी कुदळ घेतली.

"अहो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कशाला खणताय?" पत्नीने विचारले. "मधे थोडंसं खणा की."

"अर्धवट दरीला वळसा घालता येतो. आणि वळसा घालता येत असेल, तर पूल हवाच कशाला?"

युक्तिवाद इतका निर्दोष होता, की पलीकडे राहिलेल्या कपड्यांच्या दोरीला त्यात जागाच उरली नाही. दरी झाली, पूल तिच्यावर असा बसला, जणू दरीच त्याची वाट पाहत होती. वेटोळे उलगडून रूळ पुलावरून पलीकडे नेले. दुसऱ्या सकाळी धुण्याची बादली घेऊन पत्नी काठाशी आली.

"जाऊ का यावरून?"

"छे! तपासणी व्हायचीय."

"मग तपासा! जन्मभर दुसरं काय केलंत?"

"अगं, मीच बांधलाय. बांधणाऱ्याने आपला पूल तपासायचा नसतो. आमच्या खात्यात या गोष्टीला क्षमा नव्हती."

"मग कोण येणार तपासायला?"

तपासनीस क्षितिजाकडे पाहू लागले. तिकडून कोणी येत नव्हते.

त्यामुळे किल्ली दिलेले इंजिन पुलाच्या तोंडाशी उभे राहिले, आणि पत्नी पुढच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून, वकिलांच्या स्वयंपाकघरातून आणि मधल्या भिंतीतल्या दारातून दोरी गाठू लागली.

"वहिनी, जायला-यायला आमची ना नाही," वकील म्हणाले, "पण आमच्या फरशीवरून रोज नदी वाहतेय."

"ती यांच्या दरीत सोडा. शोभून दिसेल."

वकिलांनी मग तपासनिसांनाच गाठले. "मी देतो की मंजुरी!"

"पुलातलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही. पण ज्यातलं कळत नाही त्याचीच बाजू मांडत आलोय मी."

मंजुरी नाकारण्यात आली.

एका संध्याकाळी वारा सुटला. उन्हाला मधासारखा रंग चढला होता, आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरी शिडांसारख्या फुगून चिमट्यांतून निसटू लागल्या. पत्नीने पदर खोचला, इंजिन ओलांडले आणि ती सरळ पुलावर चढली.

"थांब!" असे तपासनीस ओरडणार होते. पण तिच्या पावलांखालून तोच आवाज आला, खोल आणि पोकळ. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा ती चादरींचा ढग कवेत घेऊन परत आली होती.

"तपासला," ती धापा टाकत म्हणाली. "जराही हलत नाही. पण कठडा कुठाय? धरायचं कशाला? कठडा झाल्याशिवाय मंजूर नाही!"

आयुष्यभर त्यांनी असे शेरे मारले होते. त्यांच्यावर शेरा मारलेला हा पहिलाच. त्यांनी मोजपट्टी काढली.

"किती उंच हवा?" त्यांनी नम्रपणे विचारले.

"माझ्या कमरेइतका."

कठडा झाला. सकाळी ते किल्ली फिरवायला आले, तर दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर ओल्या चादरी वाळत होत्या.

"अगं, दोरी आहे ना पलीकडे?"

"एवढ्या लांब कोण जातंय आता?"

ओल्या कापडाचा भार पुलाच्या हिशोबात धरलेला नव्हता. तपासनिसांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले. एवढ्यात त्यांच्या हातून सुटलेले इंजिन त्या दोन ढगांमध्ये शिरले, दिसेनासे झाले, आणि पूल धडधडू लागला. तपासनिसांनी तोंड मिटले. मग डोळेही मिटले.