दोन सह्यांचा निरोप

"आठ दिवसांत विजयमाला आपल्या पायानं परत येते का नाही, पाहा! हे शास्त्र आहे, शास्त्र!"

पवनीच्या चौकात टिकारामनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याला स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं. वीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून हातमाग चालवल्यामुळे त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. मागाची खोली अशी अंधारी, की सूर्य उगवतो ही गोष्ट टिकाराम लोकांच्या सांगण्यावरून मानत असे.

त्याची बायको विजयमाला माहेरी, सिहोऱ्याला गेली त्याला तीन महिने झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. ती नऊ वर्षं बोलत होती आणि तो मागावरून "हूं" म्हणत होता. भात वाढू? हूं. सोसायटीत रॉकेल आलं. हूं. एके दिवशी तिनं विचारलं, "मी माहेरी जाऊ?" टिकाराम म्हणाला, "हूं." दुपारी भूक लागली तेव्हा त्याला कळलं, की आपण काहीतरी मोठं कबूल करून बसलो.

तेव्हापासून घरात शांतताच शांतता! तो माग थांबवून उगीच "हूं?" म्हणून पाही. कोणी काही बोललेलंच नसे.

गुडघे दाखवायला तो नव्या डॉक्टरकडे गेला. हा डॉक्टर नागपूरहून ताजा शिकून आलेला, आणि शिकलेलं सांगायला त्याला पवनीत कोणी भेटत नव्हतं.

"टिकारामजी, तुम्हाला ऊन नाही. ऊन अंगावर पडलं की कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं. पण ते असतं कच्चं."

"कच्चं म्हंजे?"

"त्याला कोणी विचारत नाही. ते आधी यकृतात जातं, तिथं त्याच्यात एक बदल होतो, म्हणजे पहिली सही समजा. मग किडनीत, तिथं दुसरा बदल, दुसरी सही. मग कुठं पेशी त्याचा निरोप ऐकते. पेशीच्या पार गाभ्यात त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते. तो तिथं जाऊन बसला की पेशी कामाला लागते, अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांसाठी ओढून घ्या म्हणते!"

"अन् निरोप तसाच कच्चा नेला तं?"

"तर पेशी ढिम्म."

टिकाराम खुर्चीतच सरळ झाला. म्हणजे चूक ही होती! त्यानं विजयमालेला तीन पोस्टकार्डं लिहिली होती. तीनही कच्ची!

तुमसरला दर आठवड्याला लुगडी घेऊन जाणाऱ्या लक्ष्मणरावांना त्यानं गाठलं.

"काका, विजयमालेले सांगा, तुझ्याबिगर जेवन गोड लागत नाही. ये. पन थोडा बदल करून सांगजा."

"कायले गा?"

"जसंच्या तसं गेलं तं ते ऐकत नाही. तुमी यकृत. तुमसरले तिची मावशी हाय, शकुनबाई, ते किडनी. तिलेबी म्हना, एक बदल कर."

लक्ष्मणरावांनी लुगड्यांचं गाठोडं उचललं. मग तुमसरला जाऊन त्यांनी प्रामाणिकपणे बदल केला. "टिकारामनं जेवन सोडलं बाई. डोक्यावरबी परिणाम दिसते. मले यकृत म्हने."

शकुनबाई एरवी कुठल्याही बातमीत चार बदल करत. एकच करायचा म्हटल्यावर त्यांची जरा पंचाईत झाली. शेवटी त्यांनी सिहोऱ्याला कळवलं, "जवाई सोमवार काही पाहात नाहीत."

इकडे सोमवारी सकाळी टिकाराम डॉक्टरच्या हुकुमाप्रमाणे अंगणात, तुळशीजवळ, चटईवर उघडा पडला होता. अंगाला तेल, डोळ्यांवर ऊन नको म्हणून तोंडावर पांढरं धोतर. त्याला झोप लागली, आणि स्वप्नात विजयमाला काहीतरी विचारत होती. या खेपेला तो नीट ऐकत होता.

तेवढ्यात सिहोऱ्याहून आलेल्या अकरा माणसांनी हंबरडा फोडला.

"गेले वं माय!"

"कोन गेलं?" टिकारामनं धोतराखालून विचारलं.

"आमचे जवाई गेले बावा," सासरे चंद्रभानजी डोळे पुसत म्हणाले.

"अरे देवा! कोनते?"

"पवनीचे."

"टिकाराम? आपला टिकाराम?" म्हणून टिकाराम झोपेतच हुंदके देऊ लागला. सगळ्यांनी मिळून थोडा वेळ शोक केला. मग चंद्रभानजींच्या ध्यानात आलं, की आपण कोणाशी बोलतो आहोत. ते ओरडून जे मागे सरले, ते तुळशीला प्रदक्षिणा घालूनच थांबले!

विजयमाला मात्र भिंतीला टेकून शांत उभी होती.

"मले आल्याबरोबर समजलं," ती म्हणाली. "पाय चालून राहिले होते. झोपेतबी माग चालवतेत ते."

"मंग बोलली काहून नाही वं?" बाप खेकसला.

"म्हटलं, रडू द्या थोडं. तीन महिने मी एकलीच रडत होती."

टिकाराम उठून बसला. यकृत, किडनी, दोन सह्या... त्यानं सगळं शास्त्र तिला एका दमात सांगितलं. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचं तेल पुसलं.

"मले एकबी सही नाही पायजे होती. तुमी एसटीनं येऊन नुसतं 'चाल' म्हटलं असतं, तं मी चप्पल न घालता निघाली असती."

टिकारामला तिला पुष्कळ सांगायचं होतं. नऊ वर्षांचं साचलेलं. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं. आता मंडळी निघतील.

"आता कायचं जातो, जवाईबापू!" चंद्रभानजी एसटीच्या टपावरून आणलेलं तांदळाचं पोतं ओसरीवर टेकवत म्हणाले. "आमी तेरा दिवसांची तयारी करून आलो जी!"

दोन खोल्यांपैकी एकीत माग, दुसरीत अकरा माणसं. विजयमाला पहाटेपासून चुलीपुढे. चौथ्या दिवशी टिकारामनं न राहवून माग थांबवला आणि दारातून हळूच हाक दिली.

"विजयमाला, घडीभर बाहेर येतेस? उन्हात बसू दोघंजन."

अकराव्या ताटात भात वाढता वाढता, वर न पाहता ती म्हणाली,

"हूं."

आणि मंडळी आल्यापासून बाराव्यांदा भात टाकायला वळली. तेरावा अजून नऊ दिवसांवर होता.