खालनं बघणारे आप्पा

आमच्याकडं नवा सोफा आला, त्या दिवशी आईनं गल्लीतल्या चार घरांना चहाला बोलावलं. बायका येऊन सोफ्यावर बसल्या, कापडावर हात फिरवला, "छान आहे हो" म्हणाल्या. समोरच्या घरातले आप्पा मगदूम आले, त्यांनी पायजमा सावरला आणि सरळ जमिनीवर उताणे झाले. सोफ्याखाली डोकं घातलं आणि बॅटरी लावली. वर बसलेल्या बायका पाय वर घेऊन किंचाळल्या. खालून आप्पांचा आवाज आला, "वहिनी, खिळं मारल्यात. स्क्रू न्हाईत. वरीसभर बी टिकायचा न्हाय!"

आईनं त्यांना मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. सोफा आठव्या महिन्यात कुरकुरायला लागला, हे ती अजून कबूल करत नाही.

आप्पांनी चाळीस वर्षं गुळाचा व्यापार केला. मार्केट यार्डात गुळाचा रवा, म्हणजे ती मोठी ढेप, समोर आली की बाकीचे व्यापारी वरचा रंग बघून मान हलवायचे. आप्पा रवा उलटा करायला लावायचे आणि बुडातून टोचून तुकडा तोंडात टाकायचे. "वरनं समदंच पिवळं दिसतंय ओ पावणं. खालनं बघा की!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटल्याशिवाय त्यांना जेवण जात नसावं. पुढं दुकान बंद केलं, गूळ सुटला, पण सवय काही सुटली नाही. आता यार्डाच्या जागी अख्खं कोल्हापूर त्यांच्या तावडीत सापडलं.

मिसळ खायला गेले तर आधी हॉटेलची मोरी बघणार. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पाहुणे पुढच्या खोलीत पोहे खातायत आणि आप्पा मागच्या दारात मुलीच्या आजीशी गप्पा मारत बसलेत. तासाभरानं येऊन जाहीर केलं, "लगीन ठरवा. पोरगी आज्जीचं डोकं विंचरून देती." ब्लडप्रेशर निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. आप्पांनी बाहेर कंपाउंडरला गाठलं आणि विचारलं, "डॉक्टरास्नी सोताला खोकला आला की काय घेत्यात?" कंपाउंडर म्हणाला, "आलं टाकून चहा." तेव्हापासून आप्पांचा त्या डॉक्टरवर गाढ विश्वास आहे.

अशा माणसाच्या समोरच्या घरात राहून मला माझं कॉलेज निवडायचं होतं.

पुण्याला चार वर्षं राहून मी वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी घेतली होती. म्हणजे ज्यांचं बोलणं अडखळतं, उशिरा येतं किंवा आजारपणात जातं, त्यांना ते मिळवायला मदत करायची. इतकं सरळ सांगूनही गल्लीत मी 'घशाची डॉक्टर'च राहिले. कोपऱ्यावरच्या शिंदेकाकू म्हणाल्या, "बोलायला शिकिवतीस व्हय? मग आमच्या मालकास्नी गप बसायला शिकीव की. डबल फी देतो!"

त्या उन्हाळ्यात पुढच्या शिक्षणासाठी मला दोन ठिकाणी जागा मिळाली, एक मुंबईत आणि एक मंगळुरात. दोन्हीची फी बाबांना झेपणारी होती, म्हणून तर पंचाईत. आठ दिवसांत एकीकडं होकार कळवायचा होता. मुंबईला मोठा दवाखाना, लकवा होऊन बोलणं गेलेल्या मोठ्या माणसांची रीघ. मंगळुरात नवी यंत्रं, लहान मुलांसाठी वेगळा विभाग, आणि मोजक्याच विद्यार्थ्यांकडं लक्ष देणारे शिक्षक. पुढं जन्मभर मी काय काम करणार हेच त्यावर ठरणार होतं, आणि माझी तर झोप उडाली होती. वहीत तक्ता करून मी दोन्हीकडच्या गोष्टी लिहून काढल्या. आप्पांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला.

"ह्ये कुठनं लिवलंस?"

"वेबसाईटवरून."

"म्हंजे वरनं." त्यांनी वही मिटून परत दिली. "आतनं कोण बघितलंय?"

"आप्पा, कॉलेज काय उलटं करून बघता येत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. "वहिनी, चार-पाच दिस हिच्याकडं बघा. मी जरा जाऊन येतो." कुठं, ते सांगितलं नाही. मला सांगायची त्यांना गरजही वाटली नाही.

'हिच्याकडं' म्हणजे आक्कांकडं. आक्का म्हणजे आप्पांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार गेलं. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द यायचा नाही. दवाखान्यातून व्यायाम लिहून दिले होते, आणि ते आप्पा कधी चुकवत नसत. रोज संध्याकाळी सहाला त्यांचा वर्ग भरायचा. आप्पा घरातली एकेक वस्तू आक्कांसमोर धरून ओरडायचे, "ह्ये काय? तांब्या! म्हण, तां-ब्या!" आवाज इतका की रस्त्यावरून जाणारा भाजीवालाही उत्तर द्यायचा, "तांब्या हाय ओ आप्पा!" गल्ली हसायची. मी सुट्टीला आले की मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? आक्का मात्र भिंतीकडं तोंड करून घ्यायच्या.

आप्पा गेले, आणि आई दुपारची मला आक्कांजवळ बसवायला लागली. मी मोठ्या रुबाबात माझी चित्रांची कार्डं घेऊन गेले. आंबा, गाय, छत्री. आक्कांनी माझ्यापुढंही भिंतच बघितली. तेवढ्यात स्मिताचा व्हिडिओ कॉल आला. स्मिता माझ्या वर्गातली, बेळगावजवळच्या गावातली. कुठलं कॉलेज घेतेस, असं ती विचारत होती, आणि मागून तिची आई तिला जेवायला हाक मारत होती, कन्नडमध्ये.

आक्कांनी भिंतीकडून मान वळवली आणि फोनकडं टक लावून बघायला लागल्या.

स्मिता हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्तच. तिनं लगेच विचारलं, "आज्जी, ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का? आक्कांचे ओठ हलायला लागले. आम्ही दोघी गप्प राहिलो. बराच वेळ गेला, आणि मग आक्का म्हणाल्या, "आतु." झालं.

दोन वर्षांत त्या बाईचा पहिला शब्द. मी कार्डं मांडीवर घेऊन तशीच बसले.

आईला विचारल्यावर सगळं कळलं. आक्कांचं माहेर संकेश्वरकडचं, म्हणजे कर्नाटकातलं. लग्न होऊन आल्या तेव्हा एक अक्षर मराठी येत नव्हतं. सासरच्या बायका हसल्या, म्हणून त्यांनी हट्टानं वर्षभरात अशी मराठी शिकून घेतली की त्या मूळच्या कन्नड आहेत हे गल्ली विसरून गेली. आप्पाही विसरले. माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्याशी कन्नड बोलणारं या गल्लीत एकही माणूस नव्हतं. आमच्या कामात आम्ही केसपेपरवर नाव आणि वय लिहिलं की लगेच विचारतो, मातृभाषा कोणती? चार वर्षं मी परक्या माणसांना हा प्रश्न विचारला. आक्कांना मात्र कधी विचारला नाही, कारण त्या समोरच राहतात, मराठीच बोलायच्या, त्यात विचारायचं काय! मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू.

पाचव्या दिवशी आप्पा परत आले ते पिशवीसकट थेट आमच्याकडं. बाबांनी पाणी दिलं. आप्पांनी एका दमात पिऊन अहवाल सुरू केला.

"आदी मुंबईला गेलतो. केसपेपर काढला. बोलाय येत न्हाय म्हणून खूण केली."

"आप्पा! तुम्ही पेशंट होऊन गेलात?"

"मग खालनं बघायचं कसं? म्याडमच्या खोलीत बसून व्हय? एक शिकाऊ पोरगी आली. तिच्यापुढं तासभर गप बसलो."

बाबांनी चष्मा काढला. "तुम्ही? तासभर?"

"घाम फुटला, पण बसलो! ती चित्रं दावायची आन् थांबायची. घाई न्हाय, काय न्हाय. मी मुद्दाम गाईला छत्री दावली तरी हसली न्हाय. शेवटाला माझीच मला लाज वाटली. म्हटलं, बास कर बाळ, मला बोलाय येतंय. मग तिच्या म्याडम आल्या आन् मला असलं झापलं! खरी आजारी माणसं भाईर ताटकळल्यात, म्हटल्या. बरोबर हाय त्यांचं. पर झापता झापता पोरीला म्हटल्या, तुझं काय चुकलं न्हाई, तू झ्याक करत हुतीस. तितंच मी ओळखलं, माल चांगला हाय."

मग आप्पांनी रिकामा पेला खाली ठेवला. "एक कळलं बग पोरी. आपुन गप बसलो की लोक वरडून बोलत्यात. वॉचमन वरडला, केसपेपरवाला वरडला, शेजारचा पेशंट बी वरडला. अरं, मी काय भैरा हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी समोरच्या, स्वतःच्या घराकडं बघितलं.

"आणि मंगळूर?" मी विचारलं.

"तितं नाटक करावंच लागलं न्हाय!" आप्पा परत मूळपदावर आले. "मला मार्केटपुरतं कन्नड येतंय. गाड्या किती, भाव काय. तेवढ्यात आजारी माणसानं काय सांगायचं? खरोखरचा मुका झालो. पर पोरं लई गुणाची. खुणा करून करून मला जेवू घातलं आन् यष्टीत बशिवलं. आता तुजं सांगतो. तू मुंबई घे. लहान पोरांचं काम करायचं असतं तर मंगळूर म्हटलो असतो. पर तुला मोट्या माणसांचंच काम आवडतंय, आन् तितं तसली माणसं लग्नाच्या वऱ्हाडागत दाटल्यात. शिकायला मिळंल."

तेव्हा मी त्यांना आक्कांचं सांगितलं. दुपारी फोनवर माझ्या मैत्रिणीशी कन्नड बोलतात, रोज एखादा शब्द येतो, पुरे झालं की साकु म्हणतात, पाणी हवं की नीरु म्हणतात. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना कमअस्सल गूळ दाखवलाय.

"दाव," म्हणाले.

आम्ही समोर गेलो. आक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी स्मिताला फोन लावून आक्कांसमोर धरला. आप्पा पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्यात उभे राहिले. स्मितानं आधी जेवणखाण विचारलं, मग मी फोन आप्पांकडं वळवला तशी म्हणाली, "आज्जी, इवरु यारु?" हे कोण?

आक्कांनी उंबऱ्याकडं बघितलं. ओठ जुळवायला वेळ लागला. "नम्मवरु," त्या म्हणाल्या.

"आमचे हे, असं म्हणतायत," स्मितानं मराठीत सांगितलं.

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. "चाळीस वरसं हिनं माझ्या भाषेत संसार केला," ते म्हणाले, "आन् मी हिच्या भाषेत काय शिकलो, तर गुळाचा भाव."

भावनेच्या भरात मी म्हणून गेले, "आप्पा, मी मंगळूर घेते. दोन वर्षांत कन्नड शिकते आणि परत येऊन आक्कांवर..."

"खुळी का काय तू!" आप्पा खेकसले. "दोन वरसं ही बोलायची थांबंल व्हय? आन् आमच्या म्हातारीपायी तू तुजं शिक्षान फिरिवणार? मुंबईला जायाचं. मी सांगतो म्हणून न्हवं, तुज्या तक्त्यात बी त्येच लिवलंयस तू, फकस्त म्हणाय घाबरतीस. हिच्यासाठी मी हाय की."

खरं होतं ते. तक्त्यात मुंबईच्या बाजूला मी दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या आणि एकटीनं एवढ्या मोठ्या शहरात जायची भीती वाटते, हे कुठंच लिहिलं नव्हतं. "बरं," मी म्हणाले. "मुंबई."

आप्पांनी मान हलवली आणि माझ्या हातातला फोन घेतला. तो त्यांनी उलटा धरला होता, मी सरळ केला. "बाळ," ते स्मिताला म्हणाले, "माझ्यावर राग आलाय व्हय, असं तुमच्यात कसं इचारायचं?"

स्मितानं सांगितलं. आप्पांनी म्हणून बघितलं, चुकलं. परत म्हटलं, परत चुकलं. स्मितानं तुकडे करून शिकवलं, आणि आप्पा एकेक तुकडा शाळेतल्या पोरासारखा घोकत राहिले. मग फोन माझ्याकडं देऊन ते खाटेजवळ गेले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"नन्न म्याल... सिट्ट बंदैतेन?"

आक्का बघत राहिल्या. तोंडाची डावी बाजू हसली, उजवी जागची हलली नाही. "इल्ला," त्या म्हणाल्या. एवढं मलाही कळलं, नाही म्हणतायत.

मग त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर थोपटलं आणि ओठ जुळवून, सावकाश, आणखी एक शब्द काढला.

"कुंड्री."

मला तो कळला नाही. स्मिता फोनवरून सांगायला लागली, "बसा म्हणतायत त्या..." पण तोवर आप्पा बसले होते.