दत्तूनाना आणि लाल आकड्यांची चिप

उभी हयात विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात घालवलेल्या बाईने निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसावे, हा आगाऊपणाच. त्याबद्दल वाचकांची क्षमा मागते आणि भीत भीत सुरुवात करते.

चौलमधले माझे शेजारी दत्तूनाना म्हात्रे सदऱ्याच्या खिशाला पेनाऐवजी बारीक स्क्रू-ड्रायव्हर लावतात. कोणाच्याही हाती कॅल्क्युलेटर दिसला की "पोट दाखव बाबा" असे त्या यंत्राला म्हणत ते त्याला पालथे घालतात. मालकाची परवानगी ते झाकण उघडल्यावर घेतात.

रेवदंड्याच्या बाजारात एकदा आम्ही दोघेही किराणा घ्यायला गेलो होतो. शेठजी साखर जोखेपर्यंत त्यांचा कॅल्क्युलेटर गल्ल्यावर उघडा पडला होता.

"नाना, साखर जोईए के पोस्टमार्टेम?" शेठजींनी आपल्या गुजराती वळणाने विचारले.

"गप रं. आत काय हाय तेवढं बघतो." नानांनी वाकून पाहिले आणि तोंड कडू केले. "न्हाय. ह्यो पन काळ्या ठिपक्याचाच."

जोडणी झाल्यावर एक स्क्रू उरला.

"आणि हा?" मी विचारले.

"कंपनीवाले एक जादाच घालतात."

तेव्हापासून नाना पायरी चढताना दिसले, की शेठजी कॅल्क्युलेटर पोह्यांच्या पोत्यामागे सरकवतात आणि हिशेब बोटांवर करतात.

थळच्या खताच्या कारखान्यात नाना यंत्रांची दुरुस्ती करत असत. यंत्रांच्या पोटात डोकावण्याची सवय तिथलीच असावी. माझ्या ओटीवर चहा घेताना त्यांनी मला कॅल्क्युलेटरांचा इतिहास शिकवला.

"बाई, पहिल्यांदा आत चिपांचं एकत्र कुटुंब व्हतं. एक बेरीज करायची, दुसरी आकडा ध्यानात ठेवायची, तिसरी तो काचेवर दाखवायची. मग सगळ्यांचं काम एकटीच करनारी आली. लाल आकडेवाली. लई गुनाची."

"आणि आता?"

"आता काळा ठिपका. वरून डांबरासारखा थेंब. नाव न्हाय, गाव न्हाय. फ्लॅटात कोन ऱ्हातं ते कळत न्हाय, तसं."

चिपेचा स्वभाव पारखण्याची त्यांची रीतही स्वतंत्र होती. तिला शून्याने भागायला सांगायचे. नवी चिप क्षणात चूक दाखवून मोकळी होते. "हापिसातल्या बाबूसारखी. खिडकी बंद." जुन्या एकटीला मात्र नाही म्हणणे ठाऊक नव्हते. तिचे लाल आकडे भराभरा पळू लागत, आणि खोडण्याचे बटण दाबेपर्यंत पळतच राहत. "थांब म्हननारं मानूस लागतं तिला," नाना म्हणत.

तीच चिप ते शोधत होते. मुरुडच्या भंगारवाल्यापासून पाहुण्यांच्या दप्तरांपर्यंत त्यांनी काही सोडले नव्हते. संग्रहासाठी हवी असेल, असा माझा समज होता. तसे विचारले, तर "व्हय, तसंच समजा," म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मुरुडच्या शाळेत गणित शिकवत. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, हे मी ऐकून होते. पण मी भिडस्त, त्यांच्या ओटीपलीकडे कधी गेले नव्हते. परवा फणसाचे गरे द्यायला गेले, तेव्हा नानांनीच आत बोलावले.

वहिनी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मांडीवर जुना कॅल्क्युलेटर.

"हिच्या पहिल्या पगारातला," नाना म्हणाले. "वर्गात पोरांना शून्याची गंमत दाखवायची. बोलनं गेलं, तरी आकडे पळाले की हसायची. खाऱ्या हवेनं आतल्या चिपेचे पाय, त्या बारीक तारा, खाल्ले. नवा आनून दिला, तर ढकलून दिलान."

त्यांचे बोलणे चालू असतानाच वहिनींनी डाव्या हाताने बटणे दाबली. एक. भागिले. शून्य. बरोबर. काच काळीच राहिली. त्यांनी मान वळवून नानांकडे पाहिले.

"पळाले गं, बघ पळाले," म्हणत नाना त्यांच्या शेजारी बसले आणि भराभरा म्हणू लागले, "सात, तीन, नऊ, एक, पाच, आठ, दोन, सहा…" मध्ये श्वास घ्यायलाही थांबेनात. कानशिले लाल झाली, धाप लागली, तरी आकडे चालूच. वहिनींच्या ओठांचा एक कोपरा हलला. बराच वेळ त्या तशाच ऐकत राहिल्या. मग त्यांनी खोडण्याचे बटण दाबले. नाना थांबले.

"अशानं किती दिस निभायचं, बाई?" घाम पुसत ते मला म्हणाले. तोवर वहिनींचे बोट पुन्हा एकच्या बटणावर गेले होते.

म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले. तुमच्या घरी कपाटाच्या एखाद्या खणात लाल आकड्यांचा जुना कॅल्क्युलेटर पडून आहे का?