पावाच्या उगमाबाबत समितीचा अहवाल

शब्दाचं मूळ शोधणं हे पुण्यकर्म आहे. मात्र शोधायला चारपेक्षा जास्त माणसं बसली, तर मूळ सापडतं आणि जेवण राहून जातं.

जपानमधल्या निशी-कसाईतल्या वैभवीला मतलब जेवणाशीच होता. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागोमाग ती पुण्याहून इथे आली, तेव्हापासून तिची ओळख 'अनुराग-सानच्या मिसेस' एवढीच. यंदा वॉर्डाच्या उत्सवात तिला वडापावचा स्टॉल लावायचा होता आणि पाटीवर फक्त 'वैभवी' लिहायचं होतं. अर्ज एकपानी होता, पण संस्थेमार्फत करायचा होता. 'पदार्थाचा उगम' या रकान्यात 'महाराष्ट्र' लिहून ती मराठी मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत यांच्याकडे सहीला गेली.

"वडा ठीक," ते म्हणाले. "पण पाव? शब्द पोर्तुगीजांचा. उद्या कोणी हरकत घेतली तर?"

"काका, इथे कोण घेणार?"

"प्रश्न कोणाचा नाही, तत्त्वाचा आहे."

तत्त्व आलं म्हणजे समिती आलीच. सतरा जणांची नेमली (मंडळाचे क्रियाशील सदस्य सोळा). वैभवी चिटणीस झाली, कारण चहा तिच्या घरी होता.

काम कसून झालं. लॅटिन 'पानिस'पासून स्पेनचा पान, इटलीचा पाने, फ्रान्सचा पँ आणि पोर्तुगालचा पाव झाला, इथवर एकमत होतं. पोर्तुगीजांनी तो शब्द गोव्यात उतरवला आणि जपानातही. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेडला अजून 'पान'च म्हणतात. वाद पेटला तो आधी गोवा की आधी जपान यावर. (गोवा. तरीही मतदान झालं.) अनघाताईंनी सभात्याग केला आणि चहा आल्यावर तो मागे घेतला. नागोयाहून ऑनलाइन आलेले अवधूत माइक बंद ठेवून चाळीस मिनिटं बोलले. सर्वांत संतुलित भाषण तेच ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात शोध लागला, की युरोपात 'सोबती' या अर्थाचा 'कंपॅनियन' हा शब्दही 'पानिस'वरूनच आला: ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा, तो. टाळ्या पडल्या. हे श्रेय कोणाचं यावरून समितीचे दोन गट झाले आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत बसू लागले.

वैभवीने अर्जाला बेचाळीस पानी अहवाल जोडून नेला. उत्सवाच्या कचेरीतल्या तरुणाने तो दोन्ही हातांनी घेतला, शेवटपर्यंत चाळला.

"फारच सखोल आहे," तो म्हणाला. "मुदत काल पाच वाजता संपली."

"उगमाच्या रकान्यात काय हवं होतं?"

"'इंडिया' चाललं असतं, वैभवी-सान." आणि तो कमरेत वाकला.

जागा शेजारच्या दाबेलीवाल्यांना मिळाली. त्यांनी 'इंडिया' लिहिलं होतं. वैभवीने ठरवलेल्या बेकरीचेच पाव त्यांनी घेतले आणि दुपारी दोनपर्यंत विकून मोकळे झाले.

मंडळाने अहवालाचं एकमताने स्वागत केलं. वैभवीने त्याच बैठकीत राजीनामा दिला. वाचक अर्थातच तिच्या बाजूचे आहेत. तरीही "पण मग वड्यातल्या बटाट्याचं काय?" असा प्रश्न ज्यांच्या मनात एव्हाना येऊन गेला असेल, त्यांनी नाव कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.