जवातले नर

जमीन कोणाच्याही बापाची नसते; ज्या पिकाचा अर्ज मंजूर होतो, त्या पिकाची असते. मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरातल्या ऐत सद्दूर गावाला हे पटल्यापासून गावाची फार भरभराट झाली. पूर्वी तिथे जव, कांदे, अंजिरं आणि भांडणं पिकत. आता सरकारमान्य गांजा पिकतो. (भांडणं चालू आहेत, त्यांना परवाना लागत नाही.) चारपैकी तीन खळ्यांवर वाळवणीच्या शेड आहेत, चौथ्यावर सहकारी संस्थेचं कार्यालय. चराऊ डोंगर कुंपणात गेला म्हणून बकऱ्या विकल्या, बकऱ्या विकल्या म्हणून ताकही आता ट्रकने येतं. पीठ तर केव्हापासूनच येतं. थोडक्यात, गावाचा शंभर टक्के विकास झाला होता, मिमूनचं वावर वगळता.

मिमून, वय अडुसष्ट, बायको यामना, खेचर एक. त्याच्या वावरात अजून जव होता. चहूकडे हिरवागार गांजा आणि मधे हा पिवळा चौकोन. संस्थेच्या नकाशात तो 'रोग' म्हणून दाखवला होता. नियम चौदा स्पष्ट होता: पेरणीच्या दिवशी ज्याच्या हातात बियाणं नाही, त्याची जमीन रिकामी समजून संस्थेच्या लागवडीला जोडावी. नियम चांगलाच होता. अडचण एवढीच, की या जवाचं बी खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं आणि यंदा कापणीच्या तोंडावर मिमूनची कंबर धरली.

तेव्हा त्याने त्विझाची हाक दिली. त्विझाला सगळं गाव कामाला येतं, मजुरी घेत नाही, पोटभर जेवतं. अट एकच: फुकट राबणाऱ्याची चूक यजमानाने काढायची नाही. (ही अट घालणाऱ्याला गांजा माहीत नसावा, किंवा फारच माहीत असावा.)

जूनमधल्या एका सकाळी चौतीस माणसं आली. विळा एकाकडेही नव्हता. सगळ्यांनी हातमोजे आणि छाटणीच्या कात्र्या आणल्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष सी शाईब यांनी गांजाच्या मळ्यात करतात तशी पिकाची पाहणी केली आणि चेहरा गंभीर केला.

"अम्मी मिमून, नर झाडं काढलीत का?" (अम्मी म्हणजे तिकडे काका.)

"जवात कसले आलेत नर?"

"बघा! तपासलंच नाही. अहो, एक नर राहिला तरी सगळं पीक बियांनी भरतं!"

"भरू दे की बाबा, त्याच्यासाठीच तर..." एवढं बोलून मिमूनने जीभ चावली. अट आठवली.

तपासणीअंती निम्मा जव नर निघाला. (निकष: उंच असणं, डुलणं, उर्मट दिसणं.) तो उपटून ओढ्यात टाकला. उरलेला मुळासकट काढून शेडमध्ये उलटा टांगला. मग सगळे जेवायला बसले. यामनाने जवाच्या भाकऱ्या आणि ऑलिव्हचं तेल वाढलं. लोक नुसते तुटून पडले.

"लाल्ला यामना, हे पीठ कुठल्या ट्रकचं हो?"

भाकऱ्या संपल्या, भूक संपेना. पाहुण्यांना अर्धपोटी कसं उठवायचं? नवा जव टांगलेलाच आहे, असं म्हणून यामनाने बियाण्याची जुनी गोणी फोडली आणि दळायला घेतली.

तीन आठवड्यांनी मंडळी पुन्हा जमली. गांजाची बोंडं बडवतात तशी कणसं ताणलेल्या तलम कापडावर ठेवून काठ्यांनी बडवली. कापडाखाली जी पूड पडली ती पाकिटात भरली आणि वर उरलेला चोथा, म्हणजे दाणे, खेचरापुढे ओतला. सी शाईबने पाकीट हुंगून मिमूनच्या हातात दिलं.

"अव्वल दर्जा, अम्मी!"

"कसला वास येतोय?"

"धुळीचा. पण अस्सल."

मंडळी गेल्यावर मिमून भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. बापाने पेरलेलं बी, आजाने पेरलेलं बी, आणि आपल्या हातात पाकीट.

"रडताय काय? तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतं का?" यामना कडाडली.

"पाहुणे होते ते."

"पाहुण्यांनी घर पेटवलं असतं, तर काडेपेटीही दिली असतीत!"

आणि ती चाळण घेऊन गोठ्यात गेली. दावण तोवर चाटूनपुसून साफ झाली होती. पण खेचर म्हातारं होतं, अर्धे दात पडलेले. त्यामुळे काही दाणे त्याच्या पोटातून प्रवास करून, न दुखावता, बाहेर आले होते. पुढचे चार दिवस यामना नाकाला पदर लावून चाळत होती आणि सगळ्या गावाचा नावानिशी उद्धार करत होती.

पेरणीच्या दिवशी निरीक्षक आले. मिमूनने मूठ उघडली. निरीक्षकांनी नियम चौदा दोनदा वाचला. 'हातात' असं लिहिलं होतं. हात किती भरलेला हवा, ते नव्हतं. त्यांनी नाइलाजाने शिक्का मारला.

"बियाण्याला कसलासा वास येतोय."

"अव्वल दर्जा आहे साहेब," यामना म्हणाली.

आता त्या वावरात चार चादरींएवढा जव उभा आहे. एक चूक झाली की संपलं. मिमूनची कंबर अजून धरलेलीच आहे, तेव्हा येत्या जूनमध्ये त्विझा ठरलेली आहे. तुम्ही एवढे हसलात, तर तुम्हीही या. रोज दोन वेळा भाकरी मोडता, तेव्हा जव मुळापासून उपटायचा की बुडातून कापायचा, पिकला हे कशावरून ओळखायचं, मळायचा कसा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मिमून काही सांगणार नाही. तो यजमान आहे. हातमोजे तिथे मिळतील. कात्री मात्र आपापली आणा.