मार्गे वणी, कळवण

आमचे आप्पा खैरनार कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी मोटारसायकलला पाटी लावतात. पाटी म्हणजे नंबराची नव्हे. एस.टी.च्या कपाळावर असते तशी, गावाच्या नावाची. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत 'दूध डेअरी', आणि खाली बारीक अक्षरांत 'मार्गे गणपती मंदिर'. अशा अडतीस पाट्या त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवल्या आहेत. 'भाजी बाजार – जलद' आहे, 'दाताचा दवाखाना – साधी' आहे. 'अमरधाम'सुद्धा आहे, आणि तिच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'परत' असं लिहिलेलं आहे. कुणाच्याही अंत्यविधीला गेले की आप्पा बाहेर पडल्या पडल्या आधी पाटी उलटी करतात. मगच हातपाय धुतात.

बत्तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेला माणूस. नोकरीने आप्पांना सोडलं, आप्पांनी नोकरीला सोडलं नाही, एवढंच. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्यावर. त्यांची मोटारसायकल काळी, जुनी आणि आवाजाने अशी दणकट, की ती सुरू झाली की आमच्या मांडणीवरची भांडी आपापल्या जागा बदलून घेतात. आमच्या घरी तांब्या कुठे ठेवला हे कुणालाच सांगता येत नाही, त्याचं कारण हे आहे.

आप्पांच्या मागे बसणाऱ्याला 'मागे बसणारा' म्हणायचं नाही. तो कंडक्टर. कंडक्टरने हेल्मेटवर बोटाने एकदा टक केलं की गाडी थांबते, दोनदा केलं की निघते. टकटक म्हणजे डबल बेल. ती मिळाल्याशिवाय आप्पा गिअर टाकत नाहीत. सिग्नल हिरवा होऊन लाल होवो, पुन्हा हिरवा होवो, मागचे हॉर्न वाजवून वाजवून बॅटऱ्या उतरवोत, आप्पा समोर बघत स्वस्थ बसलेले. "बेल नाही," एवढंच म्हणणार. एकटे असले तर खालच्या वॉचमनला गाठतात. वॉचमन खुर्चीतून उठतो, त्यांच्या डोक्यावर दोनदा टिचक्या मारतो आणि परत बसतो. नवीन भाडेकरूंना पहिले काही दिवस हा प्रकार मारामारीचा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या सौ., आमच्या काकू, गेल्या. तोवर कंडक्टरची नोकरी त्यांच्याकडे होती. नंतर ती रिकामी पडली आणि यंदा उन्हाळ्यात माझ्यावर येऊन पडली.

"मास्तर," आप्पा दारात उभे राहून म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवतो. "उद्या वाघदऱ्याला जायचंय. सहा दहाची गाडी आहे."

"कुणाची गाडी?"

"आपलीच. परतीला मात्र तुम्ही यष्टीने यायचं. मागची सीट रिझर्व आहे."

ती सीट कुणासाठी रिझर्व आहे हे इमारतीतल्या मांजरालाही ठाऊक आहे. वाघदरा म्हणजे बागलाणातलं, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथे आप्पांची थोरली बहीण दिली आहे, सखूआक्का. आणि आखाजी परवावर आली होती. आमच्या नाशकात अक्षय्य तृतीयेला लोक सोनं घेतात, आमरस खातात आणि झोपतात. पण बागलाणात, खानदेशात ती सासुरवाशिणींची आखाजी. भाऊ सासरच्या दारात जातो, बहिणीला माहेरी घेऊन येतो. या न्यायला आलेल्या माणसाला मुराळी म्हणतात. निवृत्त झाल्यापासून आप्पा दर आखाजीला मुराळी होऊन वाघदऱ्याला जातात आणि आक्का दर आखाजीला नाही म्हणतात. सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी म्हैस व्यायची होती. मग कांदा काढायचा होता. मग नातसुनेला दिवस होते. एका वर्षी काहीच कारण हाताला लागेना, तर आक्का म्हणाल्या, चप्पल सापडत नाही. काकू असेपर्यंत दरवर्षी यष्टीने परतायची तयारी ठेवून जायच्या आणि दरवर्षी आप्पांच्याच मागे बसून परत यायच्या.

"आप्पा, यंदा तरी येतील का हो?"

"बत्तीस वर्षांत अपघात नाही, ब्रेकडाउन नाही," आप्पा म्हणाले. "एक ट्रिप तेवढी राहिली."

सहा नऊला मी खाली होतो. पाटी लागली होती: 'नाशिक – वाघदरा, मार्गे वणी, कळवण'. माझं वजन सांगण्यासारखं नाही. मी बसलो तेव्हा गाडीचं पुढचं चाक क्षणभर आकाशाकडे बघून आलं. आप्पा मान न वळवता म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका. मागे जागा करा." मागे फक्त टेललाइट होता. तरी मी सरकलो. टकटक केलं आणि सहा दहाची सहा दहाला सुटली.

नाशिक ते वणी लोक तासाभरात जातात. आम्हाला पावणेतीन लागले. कारण वाटेतला एकही एस.टी. थांबा आप्पा सोडत नाहीत. शेडपाशी गाडी उभी करायची, डावीकडे नजर टाकायची, "कोणी आहे का?" असं विचारायचं आणि बेलची वाट बघायची. दिंडोरीच्या अलीकडे एका शेडमध्ये खरंच एक म्हातारे बसलेले होते. त्यांनी पाटी वाचली, उठले, पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वणीला थांबंल ना?"

"थांबेल," आप्पा म्हणाले, "पण गाडी फुल आहे."

म्हाताऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाये खरी फुल," म्हणाले आणि परत बसले.

वणीला चहासाठी दहा मिनिटं. दहा म्हणजे दहा. माझा दुसरा कप बशीत ओतलेला होता, तो बशीतच राहिला. देवीच्या गडाच्या दिशेने आप्पांनी गाडीवरूनच हात जोडले आणि कळवणच्या रस्त्याला लागले. दुतर्फा कांदा. ट्रॅक्टरांत कांदा, खळ्यात कांदा, वाऱ्यात कांदा. माझे डोळे वाहायला लागले. आरशात पाहून आप्पा म्हणाले, "घर आठवलं का मास्तर? येईल, येईल, परतीची पाच वाजता आहे."

कळवण सोडल्यावर वाघदरा फाटा लागतो. मोठा डांबरी रस्ता सरळ सटाण्याकडे जातो आणि आपण डावीकडे वळायचं. तिथून गाव पाच किलोमीटर. या पाच किलोमीटरला तिथले लोक रस्ता म्हणतात. माणसं चांगली आहेत. मी भूगोलात पठार, दरी, खिंड, सुळका हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. तिथे ते एकाच फर्लांगात होतं. खड्डे असे, की एकात उतरलो तेव्हा आत सावली होती, बरं वाटलं.

आणि वळणं. आप्पा मोटारसायकल वळवतात ती बस वळवल्यासारखी. हँडल दोन्ही हातांनी गरागरा फिरवल्याचा आविर्भाव करून आधी पार दरीच्या काठापर्यंत जायचं, मग आत यायचं.

"आप्पा, अहो जवळून घ्या, जवळून."

"मागचा भाग बाहेर जातो ना वळणावर. अंदाज ठेवावा लागतो."

"मागच्या भागात मी आहे."

"तेच म्हणतोय."

पण खरा घोटाळा हनुवटीचा झाला. खड्ड्यात गाडी आदळली की माझी हनुवटी त्यांच्या हेल्मेटवर आपटायची. टक. एक टक म्हणजे थांबा. आप्पा ऐन चढावर कचकन ब्रेक मारायचे आणि विचारायचे, "कोण उतरतंय?" कोणी नाही म्हटलं तरी डबल बेल हवीच. ती द्यावी, पुढचा खड्डा यावा, पुन्हा टक, पुन्हा "कोण उतरतंय?" पाच किलोमीटरांत एकोणतीस वेळा कोणीही उतरलं नाही. शेवटी मी हनुवटी आणि हेल्मेट यांच्यामध्ये रुमालाची घडी धरली आणि उरलेला घाट आम्ही विनाथांबा चढलो.

वाघदऱ्यात शिरलो तेव्हा कडुनिंबाच्या झाडांना झोके बांधायचं चाललं होतं. माहेरी आलेल्या लेकी आखाजीला झोक्यावर बसून गाणी म्हणतात. एका पडवीत सुपात डाळ घेऊन सत्तरी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या एक बाई बसलेल्या. त्यांनी गाडीचा आवाज ओळखला, पण मान वर केली नाही.

"उना का रे भाऊ."

आप्पांनी हेल्मेट काढलं. दारापाशी चप्पल काढली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. घाटात माझ्यावर गरजणारा माणूस एकदम पहिलीतल्या पोरासारखा झाला. "आक्का, मुराळी आलोय. चल."

"मी नही येस," आक्का म्हणाल्या. डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. "बठ. पाणी पे."

झालं. शंभर किलोमीटर आणि एकोणतीस थांबे, त्याचा निकाल तीन शब्दांत. आप्पा पाणी प्यायले आणि गाडीचं काहीतरी बघतो म्हणून बाहेर गेले. गाडीला काही झालेलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "आक्का, एवढ्या लांबून येतात ते. दोन दिवस चला की."

बाहेरच्या माणसाशी आक्का अहिराणी सोडून मराठीत बोलतात. "कुठं येऊ, मास्तर? आई गेली, माहेर संपलं. आता ते ह्याचं घर. मी तिथं जाऊन भिंतीला बघत बसू?" थोडा वेळ त्या डाळ पाखडत राहिल्या. "हा सटाण्याच्या गाडीवर होता. आखाजीला जादा गाड्या. रजा नाय मिळायची. माझी सासू म्हणायची, मुराळी दारात आला तर धाडीन. आणि हा तर शिटावर बसलेला. मी डोंगर उतरून फाट्यावर जायची. गाडी यायची, आत सगळ्या माहेरी चाललेल्या बाया. गाणी म्हणत. हा खिडकीतून माझ्या हातात सांजोऱ्यांचा पुडा द्यायचा. आईनं दिलेल्या. काही बोलायच्या आत कंडक्टर डबल बेल मारायचा, गाडी जायची." त्यांनी सूप खाली ठेवलं. "साऱ्या तालुक्याच्या लेकी ह्यानं माहेरी पोचवल्या."

आप्पा आत आले. आक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं.

"मले लेवाले येस दरसाल," आक्का म्हणाल्या. लेवाले म्हणजे न्यायला. "तुले लेवाले कोण येस रे?"

आप्पांनी सदऱ्याकडे बघितलं आणि बटण नीट करायला लागले. ते बराच वेळ लागेना.

"चार दिन ऱ्हाय आठेच," आक्का म्हणाल्या आणि पुरणाची डाळ शिजत घालायला आत गेल्या.

म्हणजे मुराळीच राहिला आणि कंडक्टर तेवढा परत निघाला. आप्पांनी मला फाट्यापर्यंत सोडलं. पाचची सटाणा–नाशिक आली तेव्हा त्यांनी खिशातून फ्लॅटची किल्ली काढून दिली. "तुळशीला पाणी घाला मास्तर. तेवढंच. हॉलमध्ये पसारा आहे, तिकडे बघू नका."

आता हे वाक्य कुणी कुणाला सांगू नये. दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, मी तुळशीला पाणी घातलं आणि थेट हॉलमध्ये गेलो. आदल्या दिवशी नाशकात असा उकाडा होता की आमच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड भाजूनच निघाले होते. आणि आप्पांच्या हॉलमध्ये पंखा नव्हता. तो कोपऱ्यात, पाती वर्तमानपत्रात गुंडाळून, भिंतीला टेकवून ठेवलेला. पंख्याच्या हुकाला झोका टांगलेला होता. जाड दोर, खाली घासून गुळगुळीत केलेली फळी. हाताला काचू नये म्हणून दोराला दोन्हीकडे, बसल्यावर हात जिथे येईल तिथे, मऊ सुती पातळाची पट्टी गुंडाळून शिवलेली. टाके मोठे मोठे, पुरुषी. दोराला हुकापाशी गुळगुळीत खाच पडलेली दिसत होती. हा झोका पहिल्यांदाच चढला नव्हता. दर आखाजीला पंखा उतरत होता आणि चार दिवसांनी मुकाट्याने परत चढत होता.

मी आप्पांचा नंबर लावला. फोन आक्कांनी उचलला. "निजेल शे तो," म्हणाल्या. "काय काम?"

खरं तर काही काम नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, आप्पांनी हॉलमधला पंखा काढून झोका बांधलाय."

फोनवर वाघदऱ्यातली कोंबडी ऐकू आली. मग कुणाच्या तरी बांगड्या. मला वाटलं, फोन ठेवून त्या गेल्या.

"उंच शे का?" आक्कांनी विचारलं.

"नाही. माझ्या गुडघ्याएवढा."

"मना पाय टेकतीन?"

मी फळीवर बसून बघितलं. हुक कुरकुरला, पण माझं वजन ज्याने सोसलं त्याला आक्का म्हणजे पीस. माझे दोन्ही पाय फरशीवर सपाट बसले. "टेकतील," मी म्हटलं.

फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज आला आणि मग लांबून त्यांची हाक, "भाऊ, ऊठ. मनी पिशवी काढ."

मी खाली आलो आणि आमच्या बेडरूममधल्या टेबलफॅनची वायर काढली. तो घेऊन जिना चढायला लागलो, तर आमची ही स्वयंपाकघरातून आमरसाची रवी हातात घेऊन बाहेर आली.

"एवढ्या उकाड्यात तो पंखा कुठे निघाला?"

"आप्पांकडे," मी म्हटलं. "वर माहेरवाशीण येतेय."