झारची आणि एडक्याची जोड

पटायचं नाही कोणाला, पण घोडेगावातल्या एका ओट्यावर रशियाच्या राजाला एडक्याच्या शेजारी जुंपलं गेलं, आणि जुंपणारे होते गहिनीनाथनाना. नानांचा जन्म बैलांच्या दलालीत गेलेला. एक बैल नेवाशाचा, दुसरा पारनेरचा. नाना मधे उभे राहिले की दोघं जुळे भाऊ वाटायचे.

त्या संध्याकाळी नात संस्कृती मांडीवर पुस्तक घेऊन मुसमुसत होती. सकाळी श्रीरामपूरला कॉलेजात मराठीची तोंडी परीक्षा. या विषयात ती एकदा नापास झालेली. आता पुन्हा झाली तर कॉलेज बंद, असं बापानं बजावलं होतं.

"काय इचारनार हायेत?" नानांनी विचारलं.

"तुलना. एक रूपककथा हाय. लंबकर्ण नावाचा एडका कळपाचा राजा असतो. कळप उपाशी, आन् ह्यो कोल्ह्याचा सल्ला ऐकत बसतो. शेवटी मेंढरं त्याला बाहेर काढून वाडग्याचं, म्हंजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाचं, फाटक लावून घेतात. त्याची रशियाच्या झारशी तुलना करायची."

"झारचं काय झालं?"

"त्याची बी रयत उपाशी. राणी एका बुवाच्या नादी लागलेली. शेवटी त्यानं रेल्वेच्या डब्यात बसून राज्य सोडल्याची सही केली."

"म्हंजे जोड लावायची! मग रडतीस काय?"

दोन्ही राजे समोर दावणीला उभे असल्यागत नानांनी डोळे बारीक केले. "झारला डबा हाय, एडक्याला न्हाई. एडक्याला कोल्हा हाय, झारला न्हाई. अशी उरफाटी जोडी कोन घेईल? लांब शिंग साळायचं, कमी रंगाला रंग द्यायचा. बसव तुझ्या एडक्याला मनमाडच्या गाडीत!"

"नाना, पुस्तकात एडक्याला गाडी न्हाई!"

"नसंल. आपन द्यायची. आन् झारला वाडग्याबाहेर काढ, फाटक लाव. झाले का न्हाई सारखे?"

आतून आजीचा, केशरबाईंचा, आवाज आला. "पोरी, नको ऐकू त्यांचं! ह्यांनी जोडलेला एक बैल ओढ्यात उतरला काळा आन् भायेर निघाला पांढरा!"

"तवर सौदा झाल्ता," नाना शांतपणे म्हणाले.

जेवणं होईपर्यंत जोड पक्की झाली. झारला कोल्हा मिळाला, एडक्याला राणी मिळाली, राणीला बुवा आणि बुवाला शेपूट. संस्कृतीला वाटलं, सकाळी एसटीत पुस्तक उघडू, म्हणजे खरंखोटं निवडता येईल. पण घाईत पुस्तक ओट्यावरच राहिलं. मग तिनं गाडीत बसून ठरवलं, जे जे नानांच्या तोंडचं वाटतंय ते गाळायचं. सगळ्यात आधी तिनं मनमाडच्या गाडीसकट झारचा रेल्वेचा डबाही गाळला.

"झारनं राज्य कुठं सोडलं?" परीक्षा घेणाऱ्या मरिया मॅडमनी विचारलं.

"वाडग्याच्या फाटकापाशी."

मॅडमचा चष्मा नाकावर घसरला. "आणि राणीला नादी लावणारा कोण?"

"कोल्हा... म्हणजे बुवा. त्याला शेपूट होतं का, ते मात्र नक्की आठवत नाही, मॅडम."

"अगं, धडा वाचलास तरी का?"

"वाचला होता. मग नानांनी जोड लावली." तिनं रडत रडत ओट्यावरचं सगळं सांगितलं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

"आणि झारची रेल्वे का गाळलीस?"

"एवढा मोठा राजा, मॅडम, डब्यात कशाला राज्य सोडेल? ती थाप नानांचीच."

"नेमकी तीच थाप नव्हती गं. बरं, नानांचं राहू दे. तुला काय वाटतं, लागते जोड?"

संस्कृतीनं नाक पुसलं. "न्हाई लागत. उपाशी कळप दोघांना दिसला न्हाई, तिथवर सारखे. पन् फाटक लागलं तिथं एडक्याची गोष्ट संपली. झारची न्हाई संपली. पुढं त्याला मारलं, त्याच्या पोराबाळांनाही मारलं. गोष्टीतल्या राजाला रगत नसतं, मॅडम."

मॅडमनी रुमाल खाली घेतला आणि तिला पास केलं. काठावर, पण पास.

पुढच्या बाजाराला नाना चहाच्या टपरीवर बसले आणि पास झालेल्या नातीची गोष्ट पार लांब गेली. "मॅडम खुर्चीवरनं उठली! म्हनाली, तुझ्या नानांना शिकवायला धाडून दे. आवं, त्या झारनं तर घोडेगावातनंच खिलार जोडी नेल्ती, माझ्या आज्याकडनं!"

बैलांचा व्यापारी बजरंग पुढं सरकला. "सहादाती हुती का, ऐन जवानीतली?"

"सहादाती! आन् कोल्हा त्याचा परधान."

"असंल, असंल. परधान तसलेच असत्यात."

"एडक्याला जरीची झूल, गळ्यात घुंगरमाळ. रोज दरबार भरायचा."

टपरीभर माना डोलत होत्या. नानांना भरून आलं, आणि त्या भरात जीभ घसरली. "आन् शेवटी तो झार रेल्वेच्या डब्यात बसून राज्य सोडून मोकळा झाला."

बजरंगनं कपबशी फळीवर आपटली.

"बास नाना, घावलात! इथवर सगळं पटलं. पन् राजा मानूस डब्यात बसून राज्य सोडतो व्हय? थापेला बी काही हिशेब ठेवा की!"